न दुखणाऱ्या जखमा

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी हिने चहा आणला तेव्हा कप दोन्ही हातांनी धरला होता, लहान मूल धरतं तसा. कप ठेवून हात मागे घेताना मला तिचा डावा तळहात दिसला. अगदी मध्यावर एक लाल, गोल खूण. शर्टाच्या बटणाएवढी. मध्ये कातडी गेलेली, कडेला ओलसर.

"अगं, हे काय?"

"कुठे काय?"

"हातावर."

तिने हात डोळ्यांजवळ नेला आणि दुसऱ्याच कुणाचा असावा तसा पाहिला. "मेण लागलं असेल," म्हणाली.

"दुखत नाही?"

"नाही हो. तुम्ही विचारलंत तेव्हा कळलं मला."

आमचं मेणबत्त्यांचं दुकान म्हणजे खरं तर हिचं. सासऱ्यांकडून आलेलं. मी जन्मभर शाळेची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात मुद्रितं तपासली आणि निवृत्त झाल्यावर इथे गल्ल्यावर बसून मेणबत्त्यांना कागद गुंडाळू लागलो. मागच्या खोलीत दोन पातेली असतात. एकात वेदीवरच्या मेणबत्त्यांसाठी मधमाश्यांचं पिवळं मेण, दुसऱ्यात घरगुती मेणबत्त्यांचं साधं पांढरं. मेण बरोबर तापलं की नाही हे ही काडीने एक थेंब तळहातावर घेऊन ठरवते. पिवळं डाव्यावर, पांढरं उजव्यावर. चटका बसला पाहिजे, पण हात झटकावासा वाटता कामा नये. मग मेण तयार. ही तिच्या वडिलांची रीत. मी आणून दिलेला तापमापक भिंतीवर शोभेला आहे.

इतक्या वर्षांत तिच्या हाताला कधी फोड आला नाही. मेणाने पोळायचंच असतं तर लग्नाआधीच पोळली असती. म्हणून तिचं उत्तर मला काही पटलं नाही.

आणि आज शुक्रवार आहे, प्रभूला क्रूसावर दिलं तो वार.


११ फेब्रुवारी

चर्चचा सेवक सकाळी येऊन तक्रार करून गेला. मेणबत्त्या गाठाळ झाल्यात, एका बाजूला झुकतात. "वहिनी, तुमच्या मेणबत्त्या आता पाद्र्यांसारख्या वाकायला लागल्या," म्हणाला. ही हसली नाही. मागे जाऊन पाहिलं तर वाती टांगून मेणात बुडवायच्या कड्यावर आधीचे थर वितळून खाली ओघळलेले. मेण फार तापलं की असं होतं म्हणतात. तिच्या हातून हे पूर्वी झालेलं मला आठवत नाही.

हिला हल्ली तहान फार लागते. तांब्यावर तांब्या रिकामा होतो.

बाकी दिवस छान गेला. संध्याकाळी उन्हाची एक तिरीप गल्ल्यावर आली आणि मला एकदम चौथीचा वर्ग आठवला. गुरुजी छडीने टेबलावर ताल धरायचे आणि आम्ही सगळे डोलत कविता म्हणायचो. अर्थ कुणाला कळत होता! पण त्या तालात बसलेलं जे काही होतं ते जन्मभर पुरलं. छापखान्यात दर वर्षी त्याच कविता पुन्हा तपासायला यायच्या आणि मी ओठांतल्या ओठांत म्हणत असे. शेजारी अक्षरं जुळवणारा जुळारी म्हणायचा, "साहेब, तुम्हाला पगार वाचायचा देतात, गायचा नाही."


१३ फेब्रुवारी, शुक्रवार

उजव्या हातावरही.

अक्षर वाकडं येतंय.

सकाळी जपमाळेच्या वेळी तिने हात जोडले आणि सोडले, तेव्हा दिसलं. तोच मध्य, तोच आकार, फक्त नवा. मी तिचे दोन्ही हात धरून खिडकीशी नेले. ती म्हणाली, "अहो, दूध उतू जाईल."

आमच्या शाळेच्या जिन्यावर पाखरांशी बोलणाऱ्या त्या संताचं मोठं चित्र होतं. गुडघ्यावर बसलेला, हात पसरलेले आणि आकाशातून आलेल्या किरणांनी दोन्ही तळहातांवर उमटवलेल्या लाल खुणा. मधल्या सुट्टीत मी त्याच पायरीवर डबा खात असे. गुरुजींनी सांगितलं होतं की प्रभूच्या हातापायांना खिळ्यांनी आणि कुशीला भाल्याने झालेल्या पाच जखमा काही थोड्या भाग्यवंतांच्या अंगावर आपोआप उमटतात. पृथ्वीवर कुठे, कुणाला, हे कुणी मागून ठरत नाही.

मी तिला हे सांगितलं. तिने जपमाळ खुंटीला अडकवली. मग म्हणाली, "मला कशाला देईल तो? मी तर रविवारी प्रवचनात झोपते."

"म्हणूनच तर," मी म्हटलं.

"दुखत नाही एवढं मात्र खरं," ती म्हणाली. "फुंकर घातली तरी कळत नाही. हात माझेच आहेत की नाही असं वाटतं कधीकधी."

हे वाक्य तिचं, जसंच्या तसं. जिला कविता पाठ होत नाही तिने हे म्हणावं!

आणि मग मला तहानेचा उलगडा झाला. क्रूसावरून प्रभू काय म्हणाला? 'मला तहान लागली आहे.'


१५ फेब्रुवारी

कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण सकाळी मेहुणी आली. तिला घरात सगळे तारायंत्र म्हणतात. तिच्या कानात घातलेली गोष्ट तिच्या चपला पायात जायच्या आत पलीकडच्या गल्लीत पोचते. तिने ताईचा हात पाहिला आणि मटकन खाली बसली.

"भाऊजी! हे कधीपासून?"

"मागच्याच्या मागच्या शुक्रवारपासून."

"शुक्रवार!" तिने छातीवर क्रूसाची खूण केली. "आणि तुम्ही मला आज सांगताय?"

ही म्हणाली, "अगं, मलम लावायचं का ते सांग आधी."

"मलम? ताई, याला मलम लावतात का!"


२२ फेब्रुवारी, रविवार

पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, आधीचा उपवासकाळ सुरू होऊन चारच दिवस झाले आणि आमच्या दुकानासमोर माणसं उभी राहू लागली. आधी ओळखीची, मग अनोळखी. मी त्यांना बाकावर बसवतो. ही मागच्या खोलीतून येते, पदराला हात पुसते, मग आठवण होऊन थांबते आणि दोन्ही हात पुढे करते, काचेची भांडी पुढे करावी तसे. लोक बघतात. कुणी रडतं. कुणी तळहाताला नाही, मनगटाला ओठ लावतं.

घर भरल्यासारखं वाटतं. लेक दूरच्या शहरात शिकवायला गेल्यापासून इथे दोघांच्या श्वासाचा आवाज ऐकू यायचा.

लेकीला फोनवर सांगायचं म्हटलं तर ही म्हणाली, "नको. ती उगाच धावत येईल. परीक्षा आहेत तिच्या मुलांच्या."


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

किती वर्षांनी ओळी आल्या! सकाळी उठल्याबरोबर, भुजंगप्रयात वृत्तात, एकही लघु-गुरू इकडचा तिकडे नाही:

तुझ्या ओंजळीला फुटे लाल मोती
उजेडी तयाच्या जळे मंद ज्योती

पुढे अडलो. पण एवढंच मी हिला म्हणून दाखवलं. ती पलंगावर बसून पाय चोळत होती. पायात मुंग्या आल्यासारखं होतं म्हणते. ओळी ऐकल्या आणि माझ्याकडे पाहत राहिली.

"छान आहे," म्हणाली. "पण तुम्हाला यमक जुळलं की सगळं खरंच वाटतं."

"म्हणजे तुला खरं वाटत नाही?"

"तसं नाही हो." मग थोड्या वेळाने, "पुन्हा म्हणा ना."

मी पुन्हा म्हटलं. लग्नानंतर मी हिला पुष्कळ कविता म्हणून दाखवल्या असतील, पण तिच्यावरची ही पहिली. तिने डोळे मिटून ऐकली. चेहऱ्यावर असं काही होतं की मला वाटलं, ती इथे नाहीच. नंतर लक्षात आलं, झोप लागली होती. हल्ली फार थकते.


५ मार्च

आज एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. सात-आठ वर्षांची असेल, बोलत नाही, नजर लावून बसते. बाईने काही मागितलं नाही. नुसती म्हणाली, "आजी, डोक्यावर हात ठेवा."

हिने ठेवला. बराच वेळ ठेवला. हळूहळू केसांवरून फिरवला, पुन्हा पुन्हा, जणू काही शोधते आहे. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ती बाईही रडू लागली. तारायंत्राने मागून प्रार्थना सुरू केली आणि बाकावरच्या सगळ्यांनी ती उचलून धरली. मी अंगावर काटा येऊन उभा होतो.

ती गेल्यावर मी विचारलं, "काय झालं होतं तुला? काय दिसलं?"

ती म्हणाली, "तिचे केस लागलेच नाहीत हो हाताला. एवढे मऊ दिसत होते."

हे तिने म्हटलं तसं लिहून ठेवतो. संतांची बोलणी अशीच असतात, साधी आणि न उलगडणारी.


९ मार्च

फादर आले होते. तरुण आहेत, नुकतेच आमच्या चर्चला आले. मला काका म्हणतात. त्यांनी हिचे हात पाहिले, वाकून, चष्मा काढून. मग हिला म्हणाले, "काकू, डोळे मिटा." स्वतःच्या पेनाच्या टोकाने तिच्या बोटाला हळूच टोचलं. "सांगा, कुठल्या बोटाला लावलं?"

"लावलंत का?" ही म्हणाली.

फादर माझ्याकडे वळले. "काका, यांना डॉक्टरकडे न्या."

"फादर, तुम्ही असं म्हणता?"

"मीच म्हणतो. ज्यांच्या अंगावर प्रभूच्या जखमा उमटल्या असं चर्च मानतं, ते सगळे वेदनेने तळमळत होते. एकालाही त्या जखमा सुखाच्या नव्हत्या. आणि जवळपास सगळ्यांनी त्या लपवायचा प्रयत्न केला. बाकावर माणसं बसवली नाहीत."

हे शेवटचं मला लागलं. मी म्हटलं, "हिला वेदना होत नाहीत ही जास्तीची कृपा नाही का?"

"कृपा असेल तर डॉक्टरला दाखवून पळून जाणार नाही," ते म्हणाले. "काका, देव तपासणीला घाबरत नाही."

तारायंत्र ते गेल्यावर म्हणाली, "हल्लीचे फादर म्हणजे कॉलेजातली पोरं. यांना पुरावा पाहिजे. प्रभूच्या त्या शिष्यालाही पाहिजे होता, जखमेत बोट घालून बघायला."

मी मेणबत्त्यांना कागद गुंडाळत राहिलो. ही मात्र मागच्या खोलीत जाताना म्हणाली, "दाखवून यायला काय हरकत आहे? याच आठवड्यात जाऊ या." मी म्हटलं, "जाऊ." पण शुक्रवारी एक मोठी मंडळी लांबून यायची आहे, तारायंत्राने शब्द दिला आहे.


१३ मार्च, शुक्रवार

पाय.

सकाळी ही मागच्या खोलीतून पाणी न्यायला आली आणि फरशीवर एकेक लाल ठसा उमटत आला. तिला पत्ताच नाही. मी ओरडलो तेव्हा थांबली आणि मागे वळून त्या ठशांकडे बघत राहिली. "कोण आलं होतं?" म्हणाली.

उजव्या पायाचा तळवा. खोल. बोटाच्या मागच्या गादीत.

मी फरशी पुसली नाही. लांबून आलेली मंडळी दुपारी पोचली. त्यांनी ते ठसे पाहिले आणि दारातच गुडघे टेकले. त्यांच्यातला एक म्हातारा, माझ्याच वयाचा, हुंदके देऊन रडला आणि मला मिठी मारली. कुणा अनोळखी माणसाने मला मिठी मारल्याचं आठवत नाही.

दोन हात, एक पाय. पाचातल्या तीन.


१५ मार्च, रविवार

चर्चमधली मिस्सा झाल्यावर फादर परत आले. हिला ताप होता, पडून होती. त्यांनी दारातली तिची चप्पल उचलली, उलटीसुलटी केली आणि माझ्यासमोर धरली. मेणबत्त्यांच्या खोक्याला मारतात तसला एक बारीक खिळा तळातून आरपार वर आलेला. टोक काळं पडलेलं.

"काका, यावर त्या किती दिवस चालत होत्या?"

मी चप्पल हातात घेतली. मी खिळा बघत राहिलो.

"माणसाला चपलेत खडा गेला तरी चालवत नाही," ते म्हणाले. "हा खिळा आहे."

"हो," मी म्हटलं. "खिळाच."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी खुळा आहे. पण प्रभूच्या पायात काय ठोकलं होतं? देवाने साधनही बदललं नाही. फादरना हे दिसत नाही याचं मला आज वाईट वाटलं, राग नाही आला. त्यांना कुणी लहानपणी कविता शिकवली नसावी.

त्यांनी पक्कडीने खिळा उपटला, जखम स्वतः धुतली आणि कापड बांधलं. उद्या गाडी घेऊन येतो म्हणाले. मी म्हटलं, तिला प्रवास झेपणार नाही, ताप उतरू द्या. हिला विचारलं तर म्हणाली, "हे म्हणतील तसं."


१९ मार्च

ताप उतरतो, चढतो. पाय सुजला आहे. खोलीत एक वास आहे. गोडसर, फार पिकलेल्या फळासारखा. तारायंत्र म्हणाली, संतांच्या जखमांना फुलांचा वास येतो असं तिने ऐकलंय. मीही ऐकलंय. मी खिडकी लावून घेतली, वास बाहेर जाऊ नये म्हणून.

नंतर हिने सांगितलं म्हणून पुन्हा उघडली.


२१ मार्च

फादर दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा त्यांनी आवाज चढवला. तारायंत्रही चढवते, त्यामुळे गल्लीत तमाशा झाला. "भाऊजी, तुम्ही काही बोला!" ती म्हणाली. मी काय बोलणार? लोक दाराशी उभे होते. न बोलणाऱ्या त्या मुलीची आई पण होती. ती म्हणत होती की मुलगी परवा 'आ' म्हणाली.

आत आलो तर ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. "लेकीला बोलवा," म्हणाली.

मी फोन केला.


२३ मार्च

लेक सकाळच्या गाडीने आली. पिशवी खाली न ठेवताच आत गेली, आईच्या पायावरचं कापड सोडलं आणि तशीच उभी राहिली. मग बाहेर आली. मला वाटलं, रडेल. रडली नाही.

"बाबा, गाडी बोलवा."

"अगं, आधी बस. तुला सांगतो. मागच्या महिन्यात पहिल्या शुक्रवारी..."

"बाबा, गाडी."

तिचा आवाज तिच्या आजोबांसारखा झाला होता, पातेल्यापाशी उभं राहून कामगारांना हाक मारताना व्हायचा तसा. तारायंत्र दारात आडवी झाली. "लोक काय म्हणतील? हॉस्पिटलात नेलं की सगळं संपलं!" लेक म्हणाली, "मावशी, बाजूला हो, नाहीतर तुलाही उचलून गाडीत घालते." फादर आणि मी दोघांनी मिळून हिला उचललं. किती हलकी झाली आहे.

गाडीत तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "पातेल्याखालचा विस्तव विझवला का हो?" एवढंच बोलली.


२४ मार्च

डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाच्या. त्यांनी मला खुर्ची दिली आणि प्रश्न विचारले. तहान कधीपासून? थकवा? हातातून वस्तू पडतात का? पायाला मुंग्या? मी सगळ्याला हो म्हणत गेलो. मला प्रत्येक गोष्ट ठाऊक होती. तारखेसकट ठाऊक होती.

"आजोबा, इतकं बारीक लक्ष होतं तुमचं," त्या म्हणाल्या, "मग आणलं का नाहीत?"

रक्तात साखर. कित्येक वर्षांची असावी, कधी तपासलीच नाही. त्या साखरेने नसा मेल्या. आधी पायांच्या, मग हातांच्या. "जखम दुखते ती चांगली," बाई म्हणाल्या. "न दुखणारी वाईट. आजींना चटका कळतच नव्हता. कळेपर्यंत त्या थांबत असतील."

मला एकदम दिसलं. काडी, थेंब, आणि ही तळहाताकडे बघत उभी. चटक्याची वाट बघत. तो येत नाही म्हणून आणखी तापवायचं, आणखी एक थेंब.

यापुढे आज लिहवत नाही.


२७ मार्च

पाय गुडघ्याखाली काढला. आधी तिला विचारलं तेव्हा ती मला म्हणाली, "जाऊ दे हो पाय. मेणबत्त्या बसूनही करता येतात." मग म्हणाली, "पास्काच्या मोठ्या मेणबत्तीचं काय? फादरना सांगा, यंदा बाजारातून आणा. बाजारची सरळ तरी असते." आणि हसली. मला हसू आलं नाही, तर म्हणाली, "सेवकाचा विनोद मला त्या दिवशीच आवडला होता. पण हसले असते तर त्याला चढलं असतं."

मी तिला विचारलं, "तुला माहीत होतं का?"

"काय?"

"की हे... तसलं नाही."

ती छताकडे पाहत राहिली. "पहिल्या दिवशीच म्हटलं होतं की मेण लागलं असेल म्हणून."

"मग नंतर का नाही बोललीस?"

"नंतर तुम्ही कविता केलीत," ती म्हणाली.


२९ मार्च, रविवार

विष रक्तात पसरलंय म्हणतात. बोलत नाही. कधी डोळे उघडते.

बाहेर बाकावर लेक माझ्याशेजारी बसली होती. म्हणाली, "बाबा, तुमच्यावर ओरडायचं होतं मला. पण आईने शपथ घातली. म्हणाली, 'त्यांना काही बोलू नकोस. हल्ली ते माझ्याकडे बघायला लागलेत.'"

मी यावर पुष्कळ विचार केला. यात शपथ घालण्यासारखं काय होतं मला कळलं नाही. मी तर रोज तिच्यासमोर बसत होतो. मी लेकीला तसं म्हटलं. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि चहा आणायला उठून गेली.


३१ मार्च, मंगळवार

दुपारी गेली. जेवणाची ताटं गोळा करत होते तेव्हा.

तारायंत्र धाय मोकलून रडली. "आणखी तीन दिवस, ताई! प्रभूच्या मरणाचा उत्तम शुक्रवार तरी गाठायचास!" मीही, देव मला क्षमा करो, बोटं मोजली होती. पण ती मंगळवारी गेली. मंगळवारवर कुणी कविता केलेली मला माहीत नाही.


१ एप्रिल

तिला घरी आणलं. मागची खोली आवरून, पातेली बाजूला सारून तिथेच ठेवलं. बाहेर गर्दी. तारायंत्राने सगळीकडे कळवलेलं. लांबची मंडळीही आली, ती न बोलणारी मुलगी आणि तिची आईही.

लेक आईला आंघोळ घालून नेसवत होती. मला आत बोलावलं. "बाबा, हात कसे ठेवायचे?"

तारायंत्र मागून म्हणाली, "उताणे. उताणेच ठेव. लोक एवढ्या लांबून बघायला आलेत. आता शेवटचंच ना!"

लेक तिचे हात धरून थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

मी जवळ बसलो. पट्ट्या काढलेल्या होत्या. मी इतके दिवस ते दोन तळवे पाहिले आणि आज मला ते पाहवेनात. मी तिचे हात हातात घेतले. गार, ताठ. बोटं माझं ऐकेनात. मी तळव्याला तळवा लावू लागलो.

"भाऊजी, झाकू नका! तुमचं काय जातंय?"

मी म्हटलं, "तिचं जातंय."

एकट्याने जमेना, लेकीने दुसरा हात धरला. दोघांनी मिळून हात जोडून छातीवर ठेवले आणि लेकीने वरून तिची जपमाळ गुंडाळली, घट्ट. तारायंत्र भिंतीला टेकून रडू लागली. पण मग उठून तिनेच ताईचा पदर नीट केला.

दार उघडलं. लोक एकेक करून आले. वाकून बघायचे, शोधायचे, एकमेकांकडे पाहायचे. काही लवकर निघून गेले. त्या मुलीच्या आईने जोडलेल्या हातांवर आपला हात ठेवला आणि मुलीला जवळ घेऊन गेली.

तो म्हातारा शेवटी आला, ज्याने मला मिठी मारली होती. त्याने टोपी काढली, बराच वेळ उभा राहिला. मग माझ्या कानाशी वाकून हळूच विचारलं, "शेवटी काय झालं हो त्यांना?"

इतक्या लांबून आला होता. काय ऐकायला आला होता मला माहीत होतं. मागे लेक होती, दारात फादर उभे होते, पण दोघांपैकी कुणीही मला वाचवणार नव्हतं.

"मधुमेह होता," मी म्हटलं. "पाय सडला. वेळेवर दाखवायला हवं होतं. मी नेलं नाही."

त्याने टोपी हातात फिरवली. मला वाटलं, आता हा निघून जाईल.

"माझी आई अशीच गेली," तो म्हणाला, आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसला.